युद्धातल्या पाहुण्याचं भाषण कसं बसवावं

वक्तृत्व स्पर्धेच्या पत्रकात ‘युद्धकाळात मित्रराष्ट्रापुढे केलेलं भाषण’ असा विषय आला की इंदूरमधली निम्मी मुलं ‘रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम’ पाठ करून येतात. भाषण उत्तम आहे, पण विषयाला धरून नाही. चर्चिलने ते १३ मे १९४० ला स्वतःच्याच, ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात केलं, घरच्या माणसांपुढे. ४ जूनचं ‘किनाऱ्यांवर लढू’ हेही तसंच. फक्त त्याच्या अगदी शेवटी नव्या जगाने जुन्याच्या सुटकेला धावून यावं अशी आशा आहे, म्हणजे तोंड कॉमन्सकडे आणि आवाज अटलांटिकपलीकडे. वाचणारा परीक्षक असेल तर विषय चुकल्याचे गुण तिथेच गेले.

मी इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहे. गणपतीच्या आधीचे काही आठवडे आठवी ते अकरावीची मुलं आमच्या रामबागेतल्या गॅलरीत भाषणं बसवायला येतात. त्यांच्या आईबाबांना आणि नव्या शिक्षकांना तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते. चर्चिलला मी अहो-जाहो करत नाही, हे आधीच सांगते. त्याचं कारण पुढे येईलच.

भाषण निवडताना

पाहुण्याचं भाषण ओळखायचं कसं? बोलणारा दुसऱ्याच्या सभागृहात उभा असतो. तिथे त्याला मत नसतं, समोरच्यांना निवडून देणारे लोक त्याचे नसतात, आणि तरीही त्याला त्यांच्याकडून काहीतरी हवं असतं. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ते भाषण घ्या.

माझ्याकडे मी फिरून फिरून तीनच काढते. पहिलं चर्चिलचं, २६ डिसेंबर १९४१, अमेरिकन काँग्रेस, म्हणजे तिथली संसद. विनोद जमणाऱ्या, थांबायला न घाबरणाऱ्या मुलाला हे द्यावं. दुसरं सून्ग मेइ-लिंग यांचं, म्हणजे मादाम च्यांग कै-शेक, चीनचे नेते च्यांग कै-शेक यांच्या पत्नी, १८ फेब्रुवारी १९४३, तीच काँग्रेस. शिक्षण अमेरिकेत, पदवी वेलस्ली कॉलेजची, इंग्रजी अमेरिकन वळणाचं. काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी सिनेटमध्ये त्या आयत्या वेळी बोलल्या, मग प्रतिनिधिगृहात लिहून आणलेलं भाषण केलं. अमेरिकन वैमानिकांची त्यांनी सांगितलेली गोष्ट फार गोड आहे: टोकियोवर बाँब टाकून चीनमध्ये पॅराशूटने उतरलेला एक वैमानिक, धावत आलेले गावकरी, त्याला येत असलेला ‘मेइ-कुओ’, म्हणजे अमेरिका, एवढा एकच चिनी शब्द, आणि त्यावर गावकऱ्यांनी त्याला हरवलेल्या भावासारखं कवटाळणं. गोष्ट सांगायला आवडणाऱ्या मुलीला हे भाषण बरोबर बसतं. तिसरं युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांचं, २१ डिसेंबर २०२२, पुन्हा अमेरिकन काँग्रेस. मुलांना ते जवळचं वाटतं कारण त्यांनी ते मोबाइलवर पाहिलेलं असतं. त्याचा तोटाही तोच. अर्थ लावायच्या आधी ती खाकी स्वेटशर्टची नक्कल सुरू करतात.

आणखी एक आहे, ते मी फक्त अकरावीच्या मुलांना देते. फेब्रुवारी १९४२ मध्ये च्यांग कै-शेक पत्नीसह हिंदुस्थानात आले होते. गांधीजींना वर्ध्याला जाऊन भेटायचा त्यांचा विचार चर्चिलला मुळीच रुचला नाही, शेवटी भेट कलकत्त्यात झाली. निघताना, २१ फेब्रुवारीला, त्यांनी हिंदी जनतेला निरोपाचा संदेश दिला. कलकत्ता रेडिओवरून मेइ-लिंग यांनी तो इंग्रजीत वाचला. हिंदी लोकांनी युद्धात साथ द्यावी हे त्यात होतंच, पण ब्रिटनने या लोकांना लवकरात लवकर खरी राजकीय सत्ता द्यावी, हेही होतं. ब्रिटिशांचा पाहुणा ब्रिटिशांच्याच घरात हे बोलतो. छोटा मजकूर आहे, पण त्यावर तासभर बोलता येतं.

पुढचं सगळं मी चर्चिलच्या भाषणावरून सांगते. पद्धत बाकीच्यांनाही तीच.

भाषण उघडण्याआधी तारखा

मुलाच्या हातात भाषण लगेच देऊ नका. वाण्याकडच्या जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू घ्या, लांबट पट्टी कापा आणि त्यावर तारखा लिहायला लावा. २ सप्टेंबर १९४०: अमेरिका ५० जुन्या विनाशिका देते, बदल्यात ब्रिटिश मुलखातल्या तळांचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा घेते. ९ फेब्रुवारी १९४१: चर्चिल रेडिओवरून म्हणतो, हत्यारं द्या, काम आम्ही फत्ते करू. ११ मार्च १९४१: मित्रराष्ट्रांना शस्त्रं उसनी देणाऱ्या उसनवार-भाडेपट्टा कायद्यावर अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांची सही. ऑगस्ट १९४१: न्यू फाउंडलंडजवळ जहाजावर दोघांची भेट आणि अटलांटिक सनद. ७ डिसेंबर: अमेरिकेच्या पर्ल हार्बर तळावर जपानचा हल्ला. १० डिसेंबर: मलायाच्या समुद्रात ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ ही दोन मोठी ब्रिटिश जहाजं जपानी विमानांनी बुडवली. ११ डिसेंबर: जर्मनी आणि इटली अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारतात. २२ डिसेंबर: ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ जहाजाने समुद्र ओलांडून चर्चिल अमेरिकेत पोहोचतो आणि थेट व्हाइट हाउसमध्ये मुक्कामाला जातो. २५ डिसेंबर: ब्रिटिशांचं हाँगकाँग जपानच्या हाती पडतं. २६ डिसेंबर: भाषण.

प्रत्येक तारखेखाली एकच ओळ: या दिवशी कोणाला काय हवं होतं. एवढंच. मुलं इथे कंटाळतात, कारण त्यांना हातवारे करायची घाई असते. कंटाळू द्या. पट्टी पुरी झाली की त्यांना एक गोष्ट आपोआप दिसते. आमच्याकडच्या एका नववीतल्या मुलाने ती बघून विचारलंच, “काकू, हत्यारं मिळून राहिली होती, युद्धात तर अमेरिका आलीच होती, मग फिर हा मागायला काय गेला?”

हा प्रश्न आला की अर्धं काम झालं.

युद्धाच्या काळातली राजशिष्टाई पत्रांत, तारांत, जेवणाच्या टेबलावर चालते. रूझवेल्ट यांनी चर्चिलला पहिलं पत्र ११ सप्टेंबर १९३९ ला लिहिलं, तेव्हा तो पंतप्रधानही नव्हता, आरमाराचा मंत्री होता. पुढे पंतप्रधान झाल्यावर तो तारांखाली ‘माजी आरमारी माणूस’ अशी सही करायचा. एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट वारले तोपर्यंत दोघांमध्ये दीड हजारांहून जास्त संदेश गेले-आले. संसदेतलं भाषण म्हणजे साखरपुडा. देण्याघेण्याची बोलणी त्याआधीच माजघरात झालेली असतात. मांडवात उभं राहून कोणी हुंड्याची रक्कम बोलत नाही. म्हणून भाषणात मागणी शोधायची तर आधी माजघरात काय चाललं होतं ते पाहावं लागतं.

तर २६ डिसेंबरला चर्चिलला हवं होतं ते असं: आधी जर्मनी, मग जपान. पर्ल हार्बरनंतर अमेरिकन माणूस जपानवर खवळला होता. सगळं सैन्य, सगळी जहाजं पॅसिफिककडे वळली असती तर ब्रिटन उघडं पडलं असतं. जहाजावरच्या प्रवासात चर्चिलने युद्धाची पुढची आखणी मांडणारी टिपणं लिहिली ती याच काळजीने. वॉशिंग्टनच्या बैठका, ‘आर्केडिया’ परिषद म्हणतात ती, १४ जानेवारीपर्यंत चालल्या. आधी जर्मनी हे धोरण तिथे पक्कं झालं आणि दोन्ही देशांच्या सेनाप्रमुखांची संयुक्त समिती बसली. आता हे डोक्यात ठेवून भाषण उघडा.

तीन पेन्सिली

भाषण छापून घ्या, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. निळी पेन्सिल यजमानाच्या वस्तूंना: त्यांचा इतिहास, त्यांची माणसं, त्यांच्या सभागृहाचे रिवाज. लाल पेन्सिल मागणीला. साधी शिसपेन्सिल अवघड जागांना: वाईट बातमी, कबुली, दोष.

पहिली दोन मिनिटं जवळजवळ निळीच होतात. सुरुवातच अशी आहे: माझे वडील अमेरिकन आणि आई ब्रिटिश असती, उलट नसतं, तर मी इथे स्वतःच्या बळावर निवडून आलो असतो. चर्चिलची आई जेनी जेरोम, ब्रुकलिनची. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट, पण वळवून सांगितली. आणि लगेच पुढे: तसं झालं असतं तर मला आमंत्रणाची गरज पडली नसती, पडली असती, तर ते एकमताने मिळालं असतं असं वाटत नाही. दुसरा विनोद पहिल्यापेक्षा भारी आहे, कारण तो सभागृहाच्या रोजच्या भांडणांवर आहे. पक्षापक्षांत तट असतात, एकमत दुर्मीळ असतं, हे पाहुण्याला ठाऊक आहे, तोही त्याच धंद्यातला आहे, असं त्यातून कळतं. मग तो म्हणतो, मी कॉमन्स सभागृहाचं लेकरू आहे. वडिलांचा ‘लोकांवर विश्वास ठेवा’ हा मंत्र सांगतो आणि तिथून लिंकन यांच्या गेटिसबर्गच्या भाषणातल्या ‘लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी’ या शब्दांवर येतो. घर आईचं, मंत्र बापाचा, आणि पोहोचला यजमानाच्या देव्हाऱ्यात. निळी पेन्सिल झिजते ती इथे.

मुलांकडून हा भाग वाचून घेताना एक करा. पहिल्या विनोदानंतर त्यांना तोंड मिटून उभं राहायला लावा. तुम्ही समोर बसून मुद्दाम उशिरा हसा. नववी-दहावीतली मुलं शांततेला घाबरतात, दुसरं वाक्य पहिल्याच्या अंगावर ढकलतात आणि दोन्ही विनोद वाया घालवतात. आमच्याकडची एक मुलगी हातातल्या कागदाची घडी घालत थांबायला शिकली. घडी पुरी झाली की पुढचं वाक्य. चाललं.

शिसपेन्सिलीच्या जागा मात्र मुलं गाळतात, आणि मला सगळ्यात मोलाच्या त्याच वाटतात. त्यातली एक मी प्रत्येकाला दोनदा वाचायला लावते. चर्चिल म्हणतो त्याचा आशय असा: पॅसिफिकमध्ये तुमची तयारी कमी पडली असेल, तर त्याला बऱ्याच अंशी कारण हेच की तुम्ही आम्हाला ब्रिटनच्या बचावासाठी आणि लिबियातल्या मोहिमेसाठी शस्त्रं दिलीत. विचार करा, पर्ल हार्बरला तीन आठवडेही झालेले नाहीत. आपली फौज गाफील कशी राहिली यावर त्या देशात बोटं मोडणं सुरू आहे. पाहुणा येतो आणि म्हणतो, त्यात तुमच्या औदार्याचा वाटा आहे, आणि तो आमच्यामुळे आहे. यजमानाची लाज त्याने आपल्या अंगावर ओढून घेतली. उसनं घेतलेल्याची कबुली अशी द्यावी.

दुसरी जागा उलट प्रकारची. दोष द्यायचा आहे, पण पाहुण्याने दोष द्यायचा नसतो. पहिल्या महायुद्धानंतर आपण एकत्र राहिलो असतो, सुरक्षिततेची पावलं मिळून उचलली असती, तर हा शाप पुन्हा कोसळलाच नसता, असं तो म्हणतो. अमेरिका त्या वेळी घरी परतली, हे सगळ्यांना कळतं. वाक्याचा कर्ता मात्र दोघे मिळून आहेत. आणि वाईट बातमी तो लपवत नाही: युद्ध लांबेल, कठीण जाईल, १९४२ च्या अखेरीस आपण आजच्यापेक्षा बऱ्या स्थितीत असू आणि १९४३ मध्ये मोठ्या प्रमाणावर पुढाकार घेता येईल. आदल्या दिवशी हाँगकाँग पडलेलं असताना तारखा देणं हे धाडसच होतं. सिंगापूर पडायला अजून दोन महिनेही लागले नाहीत.

आता लाल पेन्सिल. मुलं पानं चाळतात आणि म्हणतात, काकू, लाल कुठेच येत नाही. बरोबर. ‘आधी जर्मनी’ हे भाषणात मागणी म्हणून येतच नाही. उलट सगळ्यात गाजलेलं वाक्य जपानवर आहे: आपण कोणत्या मातीचे लोक आहोत असं वाटतं तरी काय त्यांना? सभागृह दणाणलं ते यावर. त्यांना धडा शिकवेपर्यंत आपण थांबणार नाही, हे त्यांना समजत नाही का, वगैरे.

हा डाव मुलांना नीट उलगडून दाखवा. श्रोत्यांचा राग जपानवर, म्हणून सगळ्यात तापलेलं वाक्य जपानला. त्या वाक्याने अमेरिकन माणसाची खात्री पटली की हा आपल्या रागात सामील आहे. एकदा तशी खात्री पटली की बैठकीच्या खोलीत जर्मनीचं नाव आधी घेणं सोपं. सभागृहाला ऊब दिली, थंड हिशोब खोलीत केला. हे त्याने ठरवून केलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण तारखांची पट्टी शेजारी ठेवून वाचलं की दुसरं काही सुचत नाही.

मेइ-लिंग यांच्या भाषणात लाल पेन्सिल भरपूर चालते, आणि तीही याच मुद्द्यावर. हिटलर ही पहिली चिंता आणि जपान त्यामानाने किरकोळ, असं मत सध्या चालू आहे, ते वस्तुस्थितीला धरून नाही, असं त्यांनी प्रतिनिधिगृहात सरळ सांगितलं. म्हणजे चर्चिलने खोलीत मिळवलेलं त्या सभागृहात मोडू पाहत होत्या. तीन महिन्यांनी, १९ मे १९४३ ला, चर्चिल काँग्रेसपुढे पुन्हा बोलला, या वेळी त्याच प्रतिनिधिगृहात. ही दोन भाषणं दोन मुलांना देऊन समोरासमोर बसवली तर युवा संसदेसारखा रंग चढतो.

आपल्या वाट्याची कोरी जागा

इंदूरच्या मुलाने हे भाषण करायचं तर हा भाग टाळून चालणार नाही.

अटलांटिक सनदेत लिहिलं होतं की प्रत्येक लोकसमूहाला आपलं सरकार निवडायचा हक्क आहे. ९ सप्टेंबर १९४१ ला चर्चिलने कॉमन्समध्ये खुलासा केला: हे कलम मुख्यतः नाझी टाचेखालच्या युरोपीय देशांसाठी आहे, हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाचा प्रश्न वेगळा. साडेतीन महिन्यांनी तोच माणूस लिंकन यांचं ‘लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी’ घेऊन अमेरिकेत उभा राहिला. आणि याच मुक्कामात रूझवेल्ट यांनी त्याच्याशी हिंदुस्थानचा विषय काढला. चर्चिलने नंतर स्वतःच लिहिलं की मी इतक्या जोराने आणि इतका वेळ बोललो की त्यांनी तो विषय पुन्हा तोंडी कधी काढला नाही. १ जानेवारी १९४२ ला संयुक्त राष्ट्रांचं जाहीरनामापत्र निघालं, त्यावर एकूण २६ देशांच्या सह्या झाल्या. त्यात हिंदुस्थानही होता, सही गिरिजाशंकर बाजपेयींची. मलायात आणि लिबियात आपले शिपाई मरत होते. आता कळलं असेल मी त्याला अहो-जाहो का करत नाही ते.

मग इंदूरचा धागा. त्याच १९४२ मध्ये आपल्या यशवंतराव होळकर महाराजांनी, दुसऱ्या यशवंतरावांनी, रूझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहिलं: हिंदुस्थान आणि ब्रिटन यांच्यातला तिढा सोडवायला अमेरिकेने मध्ये पडावं. माणिकबाग राजवाड्यात राहणारा, युरोपीय वास्तुकाराकडून आधुनिक घर बांधून घेतलेला संस्थानिक, ज्याची गादीच ब्रिटिश सत्तेच्या आधाराने टिकलेली, तो ब्रिटिशांना वगळून थेट अमेरिकेच्या अध्यक्षांना हाक मारतो. मुलांना मी सांगते, माणिकबागेवरून जाताना नुसतं ‘कचेरी आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. पत्राने काही साधलं नाही. पण चर्चिलच्या भाषणाची जी बाजू कोरी राहिली, तिथे काय लिहायला हवं होतं ते कोणाला तरी कळत होतं, आणि तो माणूस आपल्या गावचा होता.

मुलाने हे भाषणात कसं आणावं? शेवटी नको, तो मग उपदेश होतो. मध्ये, लिंकन यांचं वाक्य येतं तिथे, अर्धं मिनिट थांबून: ‘हे शब्द उच्चारणाऱ्याने तीन-चार महिन्यांपूर्वी माझ्या आजोबा-पणजोबांना त्यातून वगळलं होतं.’ आणि परत भाषणाकडे. वक्ता मोठा असू शकतो आणि आपल्या बाबतीत अन्यायीही असू शकतो, दोन्ही एकाच श्वासात सांगता येणं हीच तर परीक्षा.

स्वतःचं भाषण लिहिताना

काही स्पर्धांत पाठ केलेलं भाषण नको असतं, ‘तुम्ही युद्धग्रस्त देशाचे नेते आहात, मित्रराष्ट्राच्या संसदेपुढे बोला’ असं देतात. पाच मिनिटं असतात. साडेपाचशे शब्द पुरेत, टाळ्यांना आणि थांबण्यांना जागा राहते.

आधी एका ओळीत मागणी लिहा आणि ती कागदाच्या डोक्यावर चिकटवा. ‘आम्हाला मदत करा’ ही मागणी नव्हे. ‘हिवाळ्याआधी हवाई संरक्षणाची यंत्रं द्या’ ही मागणी. मग ठरवा, ती भाषणात बोलायची की बैठकीसाठी ठेवायची. ठेवायची असेल तर भाषणाचं काम एवढंच की समोरच्यांना तुमच्या बाजूने उभं राहायला लाज वाटू नये.

उसन्यापासून सुरुवात करा. यजमानाने आजवर काय दिलं, ते आकड्यासह, आणि त्याचं काय केलंत तेही. झेलेन्स्की म्हणाले, तुमचा पैसा म्हणजे दानधर्म नव्हे, जगाच्या सुरक्षिततेत आणि लोकशाहीत केलेली गुंतवणूक आहे. युक्रेनमधल्या बाख्मुतच्या आघाडीवरच्या सैनिकांनी सह्या केलेला झेंडा त्यांनी सभागृहात दिला. तोच उसन्याचा हिशोब, फक्त कापडावर.

लिहायची रीत चर्चिलचीच घ्या, ती फुकट मिळते. १९०४ मध्ये कॉमन्समध्ये बोलता बोलता त्याचं पुढचं सगळं डोक्यातून गेलं आणि त्याला खाली बसावं लागलं. त्यानंतर तो भाषण पूर्ण लिहून आणायचा. लेखनिकाला सांगायचा, टंकलिखित कागदावर ओळी कवितेसारख्या तुटक असायच्या, जिथे श्वास तिथे ओळ संपली. मुलांच्या वहीत मी हेच करून घेते. परिच्छेद नको. एका श्वासात जेवढं येतं तेवढी एक ओळ, मग खाली. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे मुलं वाक्याच्या शेवटी आवाज पाडतात आणि नेमकं तेच ऐकू येत नाही. तुटक ओळींत क्रियापद एकटं खाली आलं की त्यावर जोर आपोआप पडतो. पहिल्या दिवशी हसतात, ‘काकू, ही तर कविता झाली’, तिसऱ्या दिवशी गणिताच्या वहीतही तसंच लिहितात.

भाषेचं सांगायचं तर घरी मराठी, शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी अशी आपली मुलं. मजकूर इंग्रजीत वाचू द्या, पण भाषण सुरुवातीपासून मराठीत विचार करून लिहायला लावा. ‘मतलब’ आणि ‘बेसिकली’ गॅलरीतच गाळून टाका.

फसतं कुठे

यजमानाचा इतिहास निळ्या पेन्सिलीने रंगवणं सोपं वाटतं, आणि घात तिथेच होतो. मार्च २०२२ मध्ये झेलेन्स्की पडद्यावरून एकामागून एक संसदांशी बोलत होते. अमेरिकेला पर्ल हार्बर आणि ११ सप्टेंबर, जर्मनीला बर्लिनची भिंत, ब्रिटनला हॅम्लेट आणि चर्चिलचे किनारे. बहुतेक ठिकाणी जमलं. २० मार्चला इस्राएलच्या खासदारांपुढे त्यांनी आपल्या देशावरच्या हल्ल्याची ज्यूंच्या संहाराशी तुलना केली, आणि तिथल्या अनेक नेत्यांना ते मुळीच आवडलं नाही. काही दुःखं अशी असतात की पाहुण्याने त्यांचा उल्लेख करावा, आपलं त्यांच्या मापाने मोजू नये. ७ एप्रिलला ग्रीसच्या संसदेत त्यांनी अतिउजव्या मुळांमुळे वादग्रस्त असलेल्या अझोव तुकडीतल्या एका ग्रीक वंशाच्या सैनिकाची चित्रफीत दाखवली आणि सभागृहात गदारोळ झाला. साक्षीदार कोण आणावा, हेही यजमानाच्या नजरेने बघावं लागतं.

दुसरी चूक नकलेची. सिगार, बोटांचा ‘व्ही’, घोगरा आवाज, खांदे वाकवणं. चौदा वर्षांच्या मुलीने हे केलं की परीक्षक हसतात आणि ऐकणं थांबवतात. आवाज स्वतःचा, थांबे चर्चिलचे. बास.

ओटावातलं ३० डिसेंबर १९४१ चं भाषण काही जण जोडून देतात: तीन आठवड्यांत कोंबडीसारखी इंग्लंडची मान मुरगळली जाईल असं फ्रेंच सेनापती म्हणाले होते, आणि चर्चिलचं त्यावर ‘कोंबडी म्हणे! मान म्हणे!’ मजा येते, टाळ्या पडतात. पण कॅनडा साम्राज्यातलाच, तिथे तो निम्मा घरचा होता. वेगळं भाषण म्हणून घ्या, काँग्रेसच्या भाषणाला चिकटवू नका.

प्रश्नांची फेरी

भाषणानंतर परीक्षक दोन-तीन प्रश्न विचारतात, आणि हल्ली गुण त्यातच जास्त कापले जातात. नेहमीचा प्रश्न: ‘मग या नेत्याला मागितलेलं मिळालं का?’ ‘हो, भाषण प्रभावी होतं’ असं उत्तर देऊ नये. चर्चिलला ‘आधी जर्मनी’ मिळालं, पण भाषणाने नव्हे, आर्केडियाच्या बैठकांत. मेइ-लिंग यांना जपानचा क्रम बदलता आला नाही. चिनी लोकांना अमेरिकेत येऊ न देणारे जुने कायदे मात्र १९४३ च्या डिसेंबरमध्ये रद्द झाले, आणि त्या हवेला त्यांच्या दौऱ्याचा हातभार होता. झेलेन्स्की यांनी १६ मार्च २०२२ ला पडद्यावरून अमेरिकन काँग्रेसकडे आपलं आकाश शत्रूच्या विमानांना बंद करून मागितलं, सगळ्यांपुढे, मोठ्याने. ते मिळालं नाही. २१ डिसेंबरला ते स्वतः गेले तेव्हा पॅट्रियट ही हवाई संरक्षणाची यंत्रणा देण्याची घोषणा झाली, तीही त्याच दिवशी, ते सभागृहात पाय ठेवायच्या आधी.